आप्पांनी प्यालेलं पाणी

घरात ती बेबी होती आणि वस्तीत बेबीताई. चाळिशी उलटून केसांत पांढरं डोकावायला लागलं तरी नाव काही मोठं झालं नाही. कोपऱ्यावर तिचं शिवणकामाचं दुकान होतं. पँटची उंची कमी करायला, पडदे शिवायला, उसवलेलं सांधायला येणारी माणसं मशीन चालू असेपर्यंत बाकड्यावर बसत आणि बसली की बोलत. कुणाची मांजर हरवलीय, कुणाला खोली भाड्यानं द्यायचीय, कुठल्या गल्लीत दिवे गेलेत, हे सगळं दुकानात कपड्यांच्या आधी पोचायचं. एकाचा निरोप दुसऱ्याला सांगता सांगता तिची जीभ थकली, तेव्हा तिनं फोनवर वस्तीचा ग्रुप काढला. पहिल्या वर्षी त्यात मांजरं सापडली, खोल्या गेल्या. एका म्हातारीला रक्त लागलं तेव्हा बघता बघता माणसं दवाखान्यात रांग लावून उभी राहिली. लोक म्हणायचे, नगरपालिका नसली तरी चालेल, बेबीताई पाहिजे.

ग्रुप वाढत वाढत गावभर झाला. ज्या ॲपवर तो चालायचा त्याचा एक स्वभाव होता. ज्या मजकुरावर जास्त बोलणं होईल तो आपोआप वर जायचा, बाकीचा खाली बुडायचा. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, पण सगळे शिकले. ‘आमच्या गल्लीत दिवा नाही’ असं लिहिलं की कुणी ढुंकूनही बघत नसे. ‘एखाद्या बाईचं बरंवाईट झाल्यावरच तुम्हाला जाग येणार का?’ असं लिहिलं की दुपारपर्यंत शिडी घेऊन माणूस हजर. बेबीताईच्या बोटांनाही तेच वळण पडलं. "साधं लिहिलं तर मेलं कुणी वाचत नाही," ती म्हणायची.

नगरपालिकेनंही आपलं वळण बदललं. तक्रारीचा फोन उचलणारी बाई निवृत्त झाली आणि तिच्या जागी कुणाला घेतलं नाही. कशाला घ्यायचं? सगळं ग्रुपवर दिसतंच की. जिथे आरडाओरडा तिथे दुरुस्ती. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही हे जुनंच होतं, पण आता नुसतं रडून भागत नव्हतं, गळा काढावा लागत होता.

बेबीताईची भावजय पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत होती. बेबीताई तिला वहिनी म्हणायची म्हणून सगळी वस्तीच वहिनी म्हणायची. रोज सकाळी ठरलेल्या नळांवर जायचं, बाटलीत पाणी घ्यायचं, काचेच्या नळीत औषधाची गोळी टाकायची. पाणी गुलाबी झालं म्हणजे त्यात क्लोरीन आहे, जंतूंची धडगत नाही. गुलाबी झालं नाही तर काळजी. असं तिचं काम. नवरा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले थोडेच दिवस घरी. त्यामुळे सासऱ्यांचं हवं-नको नणंद-भावजयच बघायच्या.

सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणत. ते छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढण्यात हयात गेली आणि निवृत्तीनंतर ती खोड गेली नाही. चढावरच्या गल्लीत दोन खोल्यांत एकटे राहायचे. त्या गल्लीत बहुतेक म्हातारीच माणसं होती. मुलं खाली नव्या इमारतींत राहायला गेली होती. बेबीताईनं त्यांना फोन घेऊन दिला, तेव्हापासून ते भिंग लावून तिचा ग्रुप वाचायचे आणि त्यातलं ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे. कुणी लिहिलं, ‘माझी पाकिट हरवली’, की खाली आप्पा: ‘पाकीट. आणि ते हरवलं.’ लोक हसायचे. वहिनी कार्यालयाची कुठलीही सूचना काढायची झाली की आधी आप्पांना फोनवर वाचून दाखवायची. "सूनबाई, स्वल्पविराम कुठाय?" ते विचारायचे. लग्न होऊन आली तेव्हा तिचं लिहिणं म्हणजे नुसता गोंधळ होता. आता तिच्या सूचनेत काना इकडचा तिकडे होत नसे, आणि याचा आप्पांना पोटच्या मुलांपेक्षा जास्त अभिमान होता.

पाइपांची कामं बघणारे फिटरकाका वहिनीला अनेकदा सांगत, "मॅडम, चढावर जोड गळतोय. शेजारून गटार जातं. एकदा उकरायला पाहिजे." वहिनी साहेबांना सांगायची. साहेब म्हणजे पाणीपुरवठ्याचे अभियंता. वाईट माणूस नव्हता, पण माणसं थोडी आणि कामं ढीगभर. ते संगणकावर ग्रुप उघडून दाखवत. "हे बघा. बाजाराची तक्रार सगळ्यात वर आहे. चढावरून कुणी एक शब्द लिहिलेला नाही." चढावरची माणसं लिहीत नव्हती. त्यांतल्या निम्म्यांना लिहिता येईल असा फोनच नव्हता.

मग एका सकाळी बेबीताईनं दुकानात पडद्याचं कापड भिजवायला घेतलं. बादली नवी होती. तिला कसलासा वास आला. तिनं बोट बुडवून हुंगलं आणि ग्रुपवर लिहिलं, ‘आज नळाच्या पाण्याला वास येतोय का कुणाला? घरात लहान मुलं असतील त्यांनी सांभाळा!!’

तिला खरंच विचारायचं होतं. दुसरं वाक्य तिनं सवयीनं लिहिलं.

पहिल्यांदा एकीनं लिहिलं, हो, मलाही आला. मग दुसऱ्याला आला. वास शोधायला बसलं की तो येतोच. कुणाचं पोट आदल्या दिवसापासून बिघडलेलं होतं. त्याला आता कारण सापडलं. कुणी धरणात मेलेलं जनावर टाकलं. कुणी त्या जनावराचा फोटोही टाकला, देव जाणे कुठल्या नदीतला. जेवणाच्या वेळेपर्यंत पराचा कावळा होऊन तो गावभर उडत होता.

वहिनी गाडी घेऊन बाहेर पडली. बाजार, शाळा, दवाखाना, चढ, जिथे जिथे गेली तिथे पाणी छान गुलाबी झालं. तिनं सूचना लिहिली, फोनवर आप्पांना वाचून दाखवली. त्यांनी एक शब्द मागेपुढे करायला लावला. मग खाली तिची सही आणि शिक्का होऊन ती ग्रुपवर गेली: आजच्या तपासणीत पाणी पिण्यास योग्य आढळले आहे.

"चला, मिटलं," साहेब म्हणाले.

मिटलं नाही. सूचनेखाली एकानं लिहिलं, ‘काही नसतं तर एवढ्या घाईनं कागद काढला असता का?’ हे वाक्य सूचनेपेक्षा वर गेलं. मग कुणीतरी ग्रुपवर वहिनीच्याच नावाचं खातं उघडून खोटी सूचना बनवून टाकली, ‘पाणी विषारी आहे, पुरवठा बंद होणार आहे’. पुरवठा बंद होणार म्हटल्यावर ज्यांचा विश्वास नव्हता त्यांनीही बादल्या काढल्या. "खरं असो नसो, भरून ठेवायला काय जातंय?" असं घराघरांत झालं. बादल्या, पिंपं, पातेली, आंघोळीचे टब, लहान मुलांची पोहायची प्लास्टिकची तळीसुद्धा. जो भरत नव्हता त्याला शेजारच्या नळाचा आवाज ऐकून धीर धरवेना.

आप्पांना मात्र या सगळ्याचा संताप आला. सुनेच्या सहीवर लोक शंका घेतात म्हणजे काय? त्यांनी शेजारणीला बोलावलं, नळाखाली पेला धरला आणि तिला फोटो काढायला लावला. भिंग लावून एकेक अक्षर जुळवत त्यांनी खाली लिहिलं, ‘पाणी शुद्ध आहे. सूचनेवर माझ्या सुनेची सही आहे. मी ते प्यायलो आहे आणि पीत राहणार आहे.’ पांढरे केस, ताठ मान, हातात पेला. फोटो झपाट्यानं वर गेला. त्या दिवशी तो सगळ्यात वर होता. खाली लोकांनी लिहिलं, शाब्बास आप्पा. म्हातारे कोण आहेत असंही विचारलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुराखाली वाकून बसलेल्या माणसाचं स्वतःचं वाक्य पहिल्यांदाच एवढ्या लोकांनी वाचलं.

बेबीताईनं त्यांना फोन केला. "आप्पा, कशाला उगीच हिरोगिरी? दोन दिवस बाटलीचं प्या ना."

"तुझ्या ग्रुपपेक्षा माझा सूनबाईवर भरवसा आहे," आप्पा म्हणाले. "आणि तू जे लिहिलंस ना, त्यात दोन उद्गारचिन्हं आहेत. एक पुरतं."

तिनं रागानं फोन ठेवला.

दिवस कलायच्या आधी फिटरकाकांचा वहिनीला फोन आला. "मॅडम, टाकीत पाणी ठरत नाही. सगळं गाव नळाखाली उभं आहे."

पाण्यानं भरलेला पाइप गळला तर बाहेर गळतो. पण टाकी रिकामी होत आली, चढावर जोर संपला, की तोच पाइप उलटा आत ओढायला लागतो, आणि जोडाच्या बाहेर जे काही असेल ते आत घेतो. ती धावत साहेबांकडे गेली. "लोकांना नळ बंद करायला सांगा. आत्ता."

"काय सांगू?" साहेबांनी डोकं धरलं होतं. "पाणी कमी पडतंय असं म्हटलं की जे थांबलेत तेही भरायला लागतील. तुम्हीच सांगा, काय लिहू?"

साहेब चुकीचं बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चढावरच्या पहिल्या नळाचं पाणी घेतलं. गोळी विरघळली, पाणी होतं तसंच राहिलं. दुसऱ्या नळावरही तेच. पाण्यात बारीक गढूळपणा होता. जंतूंचा नमुना उबेत ठेवून दुसऱ्या दिवशी बघावा लागतो, पण तिला एवढ्या वर्षांत हात भाजल्याशिवाय विस्तव ओळखता येत होता.

"साहेब, चढावर पाणी उकळून प्यायला सांगायला पाहिजे."

"काल योग्य म्हणालो आणि आज उकळा? लोक दगड मारतील. उद्या जंतूंचा निकाल येऊ दे. हातात कागद असू दे."

"उद्यापर्यंत लोक पितील त्याचं काय?"

"वरून परवानगी घेतो," साहेब म्हणाले आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेले.

वहिनी थांबली नाही. टाकीकडे जाताना ड्रायव्हरशेजारी बसून हलत्या गाडीतच तिनं स्वतःच्या फोनवरून ग्रुपवर लिहिलं, ‘चढावरच्या गल्लीतील सर्वांनी पाणी उकळुन प्यावे. नळाचे पाणी तसेच पिऊ नये.’ सही नाही, शिक्का नाही. मग तिनं आप्पांना फोन लावला. लागेना. कालच्या फोटोपासून ओळखीचे-अनोळखी सगळेच आप्पांना फोन करत होते. दोन बातमीवाल्यांनीही केला होता. तिनं बेबीताईला फोन केला.

"बेबी, आत्ताच्या आत्ता आप्पांकडे जा. पाणी पिऊ देऊ नकोस."

"अगं, पण काल तूच—"

"काल काल होतं. जा."

"जाते, वहिनी. निघतेच."

ती खरंच निघाली होती. पण दुकानासमोर माणसं गोळा झाली होती. अफवा तूच उठवलीस म्हणून निम्मी भांडत होती, आणि निम्मी विचारत होती, ताई, खरं काय ते सांगा, आम्ही तुमच्याशिवाय कुणाचं ऐकणार? एकानं शटर अर्धं ओढलं. एकीनं तिचा हात धरला आणि रडायला लागली. त्या गराड्यातून तिला बाहेर पडता आलं नाही. मध्ये मध्ये ती आप्पांना फोन लावत राहिली. फोन व्यग्रच होता.

वहिनी तोवर टाकीखालच्या खोलीत फिटरकाकांबरोबर चढाचा पुरवठा तोडायची खटपट करत होती. गंजलेली चावी फिरत नव्हती, आणि त्या खोलीत फोनला रेंज नव्हती. शेवटी चावी फिरली आणि बाहेर आल्यावर तिनं ग्रुप उघडला. तिचा मजकूर खाली कुठेतरी पडला होता. वर आप्पांचं उत्तर होतं:

‘वरील संदेश बनावट आहे. माझी सून “उकळून” हा शब्द दीर्घ लिहिते. तिच्या नावाने कालही असाच खोटा कागद फिरला. कुणीही घाबरू नये.’

त्याखाली शेकड्यांनी हसणारे चेहरे आणि अंगठे. कुणीतरी लिहिलं होतं, आप्पांपुढे कुणाची चालत नाही.

वहिनी चढ पळतच चढली. दार उघडंच होतं. आप्पा टेबलाशी बसले होते, भिंग हातात, समोर रिकामा पेला.

"ये सूनबाई. बघितलंस, तुझ्या नावानं काय काय—"

"आप्पा, ते मीच लिहिलंय."

आप्पांना क्षणभर समजलं नाही. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "हे? ‘उकळुन’?"

"गाडीत होते. घाई होती."

"तू लिहिलंस," आप्पा म्हणाले. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं. "आणि मी ते खोटं ठरवलं."

"आज किती प्यायलात?"

"नेहमीसारखं. सकाळी थोडं गढूळ वाटलं होतं. मला वाटलं, माझीच नजर." त्यांनी रिकामा पेला दूर सरकवला. "सूनबाई, माझं वाचून लोक प्यायले असतील."

त्यांनी तिला बसू दिलं नाही, स्वतःही उठले नाहीत. आधी फोन पुढे ओढला आणि लिहायला लागले. ‘शुद्धिपत्र. माझ्या मागील संदेशात गंभीर चूक झाली आहे. पाणी उकळून पिण्याची सूचना खरी आहे. चूक माझी आहे.’ दोनदा वाचून त्यांनी ते पाठवलं. दोघं फोनकडे बघत राहिली. कुणी अंगठा उमटवला नाही. चुकीवर हसायला जेवढी माणसं आली होती त्यांतलं कुणी दुरुस्तीकडे फिरकलं नाही. थोड्या वेळानं धरणातल्या जनावरावर नवं भांडण पेटलं आणि शुद्धिपत्र त्याच्याखाली दिसेनासं झालं.

वहिनी मग घरोघर गेली. चढावर कुणाकुणाचे हंडे रिकामे केले, कुणाला गॅसवर पाणी ठेवायला लावलं. काही घरांत आधीच माणसं पोट धरून बसली होती. परत आली तेव्हा आप्पा न्हाणीघराच्या उंबऱ्याला टेकून बसले होते. ओठ पांढरे पडले होते.

दवाखान्यात खाटा पुरत नव्हत्या. आप्पांना जिन्याखालच्या जागेत, चाकांच्या खाटेवर ठेवलं. सलाइनची बाटली जिन्याच्या कठड्याला बांधली होती. बेबीताई आली तेव्हा तिच्या गळ्यात मापाची फीत तशीच लोंबत होती. तिनं वहिनीकडे बघितलं नाही. वहिनीनंही तिच्याकडे बघितलं नाही. दोघी खाटेच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. परिचारिका म्हणाली, तरुण असते तर निभावले असते. यांची मूत्रपिंडं आधीच थकलेली आहेत.

आप्पा मधूनच शुद्धीवर यायचे. एकदा त्यांनी बेबीताईला विचारलं, "शुद्धिपत्र वाचलं लोकांनी?"

"वाचलं, आप्पा. सगळ्यांनी वाचलं."

आप्पा किंचित हसले. "बेबी, तुला खोटं बोलता येत नाही. शुद्धिपत्र पुस्तकाच्या शेवटी असतं. तिथवर कोण जातं?"

आप्पा गेले ते तिसऱ्या दिवशी दुपारी, भेटीची वेळ संपल्यावर, दोघींना बाहेर काढलेलं असताना. चढावरची आणखीही माणसं गेली. सगळी म्हातारी.

आप्पांचा मुलगा ट्रक वाटेत लावून, मिळेल त्या गाडीनं आला. बापाला पोचवून घरी परतल्यावर तो खुर्चीवर बसला. वहिनीनं पुढ्यात चहा ठेवला. त्यानं तो घेतला नाही.

"तुला सकाळीच कळलं होतं ना?" त्यानं विचारलं.

"हो."

"मग टाकीकडे जाताना गाडी आधी चढावर का नाही नेलीस?"

"टाकी बंद केली नसती तर सगळ्या गल्लीला..." वहिनी मध्येच थांबली. ते खरं होतं, पण ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. दहावं-तेरावं झाल्यावर तो ट्रककडे निघून गेला. फोन करायचा, जेवलीस का, एवढंच विचारायचा.

आप्पांचा पेला धरलेला फोटो मात्र मेला नाही. काहींनी त्याला काळी चौकट घालून लिहिलं, ‘नगरपालिकेवर विश्वास ठेवणाऱ्याचं काय होतं बघा.’ काहींनी तोच फोटो टाकून लिहिलं, ‘अफवा पसरवणाऱ्यांनी या माणसाचा जीव घेतला.’ दोन्ही बाजूंची माणसं त्याच्याखाली एकमेकांच्या आयांचा उद्धार करत होती. बेबीताई एकेकाला हात जोडून लिहायची, हे माझे वडील आहेत, फोटो काढून टाका. तिच्या लिहिण्यावर लोक उत्तरं द्यायचे, आणि उत्तरं वाढली की फोटो आणखी वर जायचा. हे लक्षात आलं त्या दिवशी तिनं लिहिणं सोडलं. मग तिनं ग्रुपच बंद केला. तिला वाटलं होतं काहीतरी थांबेल. त्या संध्याकाळीच तेच लोक आणखी दोन ग्रुप काढून बसले होते. एकात वहिनीला शिव्या, दुसऱ्यात बेबीताईला.

चौकशी झाली. जोड उकरून बदलला. साहेबांची बदली झाली. वहिनीला कुणी काढलं नाही, कारण तिनं लिहिलेलं खरं निघालं होतं. आणि कुणी शाबासकीही दिली नाही, कारण ते परवानगीशिवाय लिहिलं होतं. नव्या साहेबांनी नियम केला की यापुढे कोणतीही सूचना वरून आल्याशिवाय कुणी द्यायची नाही. म्हणजे पुढच्या वेळी आणखी उशीर.

पाणी आता निर्मळ होतं. पण गावात ते कुणी पीत नव्हतं. ज्यांना परवडत होतं ते बाटल्यांचं पाणी घेत. बाकीचे टँकरपुढे रांगा लावत. चढावर तर नळ उघडतच नव्हते. आणि न उघडलेल्या नळाचं पाणी पाइपात पडून राहतं, त्यातलं औषध उडून जातं. वहिनीच्या नळीतलं पाणी हळूहळू फिकं गुलाबी व्हायला लागलं. घाबरून कुणी पीत नाही म्हणून पाणी बिघडत होतं. बिघडलं की लोक म्हणणार होते, बघा, सांगत नव्हतो? यावर उपाय एकच होता. साचलेलं पाणी मधूनमधून रस्त्यावर सोडून द्यायचं.

ती आणि फिटरकाका चढावर झडप उघडायला गेले. पाणी रस्त्यावरून धोधो वाहायला लागलं, तशी खिडक्यांतून फोन बाहेर आले. कुणी ओरडलं, "बघा, घाण पाणी लपवायला सोडतायत!" दुसरा म्हणाला, "आमच्या पैशाचं पाणी गटारात!" फिटरकाका मान खाली घालून चावी धरून उभे होते.

बेबीताई आप्पांच्या खोल्या आवरायला आली होती. आवाज ऐकून ती बाहेर आली. आप्पा गेल्यापासून नणंद-भावजय एकमेकींशी कामापुरतंच बोलत होत्या. ती पाण्यातून चालत वहिनीपाशी येऊन उभी राहिली.

"कशासाठी सोडतेस?"

वहिनीनं सांगितलं. पाणी पडून का बिघडतं, सोडावं का लागतं, सगळं.

बेबीताईनं कमरेचा फोन काढला, त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवला. "हे लिहून उपयोग नाही," ती म्हणाली. "एवढं लांबलचक कोण वाचणार?" मग वहिनीकडे वळून, "वहिनी, त्या दिवशी मी जायला निघाले होते गं. खरंच निघाले होते."

"माहीत आहे मला."

"तू चिडली नाहीस?"

"चिडलेय," वहिनी म्हणाली. "अजून चिडलेय. माझ्यावरही."

बेबीताईनं मान हलवली. तिला बहुधा तेच उत्तर हवं होतं. मग ती समोरच्या घराची पायरी चढली. वहिनी तिच्या मागे गेली. दार एका टकल्या माणसानं उघडलं. त्याच्या हातातल्या फोनवर बाहेरचं वाहतं पाणी दिसत होतं. बेबीताई त्याला समजावून सांगायला लागली, अगदी पहिल्यापासून, दुकानातल्या बादलीपासून. त्यानं अर्धं ऐकलं.

"बरं बरं, ताई," तो म्हणाला. "ग्रुपवर टाका ना. बघतो." आणि त्यानं दार लावून घेतलं.

दोघी पायरीवर उभ्या राहिल्या. खाली फिटरकाकांनी पाणी बंद झाल्याची हाक दिली. बेबीताईनं ओल्या चपला झटकल्या, आणि दोघी शेजारच्या दाराकडे वळल्या.